आईचा गंधार आणि १९८३ सालची केबल

गेल्या विकांताला डोक्यात किडा वळवळला. आईच्या रियाजासाठी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, म्युझिक सॉफ्टवेअरला मिडीवरून सा-ग-प पाठवले आणि ऐटीत तिला बोलावलं. दोन मिनिटांत निकाल: "अरे, गंधार चढा लागतोय तुझा."

म्हटलं सोपं आहे, पिच बेंडचा मेसेज पाठवून थोडा उतरवू. गंधार उतरला, पण त्याच्याबरोबर सासुद्धा उतरला! आता बोला.

बग शोधता शोधता थेट १९८१ सालात पोचलो. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या सिंथेसायझरची भाषा वेगळी. सिक्वेन्शियल सर्किट्सचा डेव्ह स्मिथ आणि त्याचा सहकारी चेट वुड यांनी त्या वर्षी सगळ्यांसाठी एकच भाषा सुचवणारा पेपर मांडला. जपानमध्ये रोलँडचे इकुतारो काकेहाशी याच गोष्टीच्या मागे होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रोफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले. एक वाजवला की दुसराही वाजला. दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं, बरं का! आणि ही भाषा वापरायला लायसन्स फी नाही.

सगळं स्वस्तात बसवायचं होतं. म्हणून वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स, चॅनल १६, आणि एक सूर म्हणजे फक्त तीन बाइट्स: कुठल्या चॅनलवर सुरू करायचा, पट्टी क्रमांक कुठला (० ते १२७), किती जोरात.

पट्टी क्रमांक! घोळ इथेच आहे. मिडी सूर पाठवतच नाही, कीबोर्डची पट्टी पाठवतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर कीबोर्डचा गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा. आणि पिच बेंड लागतो तो अख्ख्या चॅनलला, एकट्या सुराला नाही. म्हणून सा बिचारा फुकटात भरडला.

यावर उपाय निघाले. १९९७ मध्ये बर्कली विद्यापीठात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी ओएससी आणला. त्यात नेटवर्कवरून '/तानपुरा/ग/वारंवारता' अशा पत्त्यावर थेट अपूर्णांकातला आकडा पाठवता येतो. म्हणजे गंधार हवा तिथे लावा. पण समोरच्या सॉफ्टवेअरला तुमचे पत्ते कळायला हवेत ना! मिडी मात्र सगळ्यांनाच कळतो. म्हणून २०१८ मध्ये एमपीई प्रमाणित झालं तेही मिडीतच, प्रत्येक सुराला वेगळं चॅनल देऊन.

मीही शेवटी तेच केलं. गंधार दुसऱ्या चॅनलवर टाकला.

दोन टीम्सचा एपीआय ठरवताना आपण किती भांडतो ते आठवलं. १९८३ च्या लोकांनी अचूकपणा सोडला आणि एकमत मिळवलं, म्हणून त्यांचं काम आजही चालतंय. पण तेव्हा जे सोडलं ते ज्यांना हवं होतं, त्यांना पुढची पस्तीस वर्षं जुगाड करावे लागले. स्टँडर्ड ठरताना खोलीत कोण बसलंय, याने फरक पडतो तो असा.

असो. आईने पुन्हा ऐकलं. "हं, आता लागला. पण कोपऱ्यात तानपुरा आहे ना, त्याची तार कधी बदलून आणणार?"


तो बग अजून ओपन आहे.