मुलींच्या शाळेचा नगरी अभ्यासक्रम

पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण मुलींना शाळेत नेमके काय शिकवायचे आणि मुलींचा वर्ग चालवायचा कसा, हे या जोडप्याने पाहिले कुठे? त्याचा माग काढत गेले की वाट पुण्याबाहेर पडते आणि नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोहोचते.

अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८३१ च्या डिसेंबरात नगरला आले. निजामशाहीच्या या जुन्या राजधानीत तेव्हा कंपनी सरकारची छावणी होती. शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत, बोरूने मोडीचे खर्डे घोटत, पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ करत आणि संध्याकाळी परवचा म्हणत. हिशेब आणि पत्रव्यवहार यांपुरते हे शिक्षण पक्के होते. पण ते मुलांसाठी होते. मुलगी तिथे बसलेली दिसत नसे.

ही रीत मोडणारी बाई दूरच्या न्यू हॅम्पशायरची होती. सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ चा. अमेरिकेतून परदेशी धाडलेल्या पहिल्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या, मराठी शिकल्या आणि दोन वर्षांत त्यांच्या देखरेखीखालच्या शाळांतून चारशेच्या आसपास मुली येऊ लागल्या. प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या त्या नगरला, आणि नगर त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

फरारबाई मूळच्या शिक्षिका. त्यांच्या मुलखात मुलींच्या शाळेत अक्षरओळखीच्या जोडीने सुईदोरा असे. तोच मेळ नगरला आला: वाचन, लेखन, अंकगणित, भूगोल आणि शिवणकाम. शिकवण्याची भाषा मराठी. छापील बालबोध पुस्तक हातात आल्यावर मुलगी स्वतः वाचू लागे, तिचे सगळे शिक्षण पाठांतरावर अवलंबून राहत नसे. भूगोलाने तर घराच्या उंबऱ्याआतल्या मुलीपुढे नदी, समुद्र आणि परदेश आणून ठेवले. या शाळांमागे ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा हेतू उघड होता आणि धर्मशिक्षण हाही त्यांचा भाग होता. पालक बिचकत, ते त्यामुळेही.

जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीस होते. तिथे गेले असता दोघांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. मुली वाचतात, गणिते सोडवतात, शिकवणारी व्यक्ती बाई आहे, हे सगळे प्रत्यक्ष चाललेले जोतीरावांना तिथे दिसले. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे सांगितले जाते.

पुण्याला मात्र हा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलला गेला नाही. फुल्यांच्या शाळांचा धर्मांतराशी संबंध नव्हता. त्या इथल्याच माणसांनी चालवल्या. शिकवण्याच्या विषयांत व्याकरण, अंकगणित, इतिहास, नकाशे आणि नीतिकथा होत्या. भिडेवाड्यातली शाळा काही महिन्यांत बंद पडली, तरी ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात नवी सुरू झाली आणि पाठोपाठ आणखी दोन उघडल्या. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी त्यांची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा २३७ मुली हजर होत्या आणि ती परीक्षा पाहायला हजारो पुणेकर लोटले होते. वर्गात शिकलेले चारचौघांत उभे राहून सांगणे, ही त्या मुलींच्या अभ्यासाचीच पुढची पायरी होती.

नगरशी असलेला धागा याच शाळांतल्या एका मुलीने पुन्हा जोडला. हेन्री बॅलंटाइन यांनी जून १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले होते. पुढे हे नियतकालिक मुंबईहून निघू लागले. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. लेखिका होती फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, वय सुमारे चौदा. ज्यांना धर्मग्रंथ वाचू दिला जात नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक सवाल होता. वाचन-लेखन आणि व्याकरण यांच्या तासांतून काय उभे राहू शकते, याचा याहून मोठा पुरावा त्या काळात शोधूनही मिळणार नाही.

फरारबाई जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. वीस वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच मांडली: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे. पंतोजींची मोडी त्यात राहिली, नगरला दिसलेला भूगोल राहिला, आणि कुणब्याच्या पोराला रोज लागणारी शेती त्यांनी स्वतःहून जोडली.