थांबायचे कुठे?

राजुरा पूर्वी निजामाच्या मुलखात होते. तिथे माझ्या आजोळी पत्र्याच्या पेटीत दोन हस्तलिखिते होती, एक कुरआनचे आणि एक हदीसचे. आमच्या जंगलभागात वाळवीपासून कागद वाचवणे कठीणच. हदीसच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात दोन शब्द होते. मी ते मालकाचे नाव समजत होतो. पुढे कळले, ते ‘या कबीकज’ आहे. किडीपासून किताब वाचावी म्हणून कातिब ते लिहीत. कबीकज मुळात एक विषारी वनस्पती. लोकांनी तिला किड्यांचा राजा बनवले! आमच्या वाळवीने राजाला जुमानले नाही, हा भाग वेगळा.

त्याच प्रतीत प्रत्येक हदीसनंतर छोटे वर्तुळ आहे. काहींत मधोमध ठिपका आहे, काही रिकामी. मला ती नक्षी वाटायची. अकराव्या शतकातील बगदादचे खतीब यांचा सल्ला असा, की लिहिताना वर्तुळ रिकामे सोडावे आणि मूळ प्रतीशी ताडून झाल्यावर आत ठिपका द्यावा. आमच्या प्रतीत ठिपके अर्ध्यावर थांबतात. म्हणजे पुढचा भाग कुणी ताडलेला नाही.

कुरआनच्या सुरुवातीच्या प्रतींत जबर-जेर नव्हते. अबुल अस्वद दुअली यांनी रंगीत ठिपक्यांनी स्वर दाखवले, असे परंपरा सांगते. आजची स्वरचिन्हे आठव्या शतकातील खलील बिन अहमद यांची. थांबण्याच्या खुणा बाराव्या शतकातील सजावंदी यांनी ठरवल्या. आपल्याकडच्या मुसहफांत त्याच चालतात. (मराठीला विरामचिन्हे मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडींच्या काळात. मोडीत तर शब्दही सुटे लिहीत नसत.)

मक्तबमध्ये उस्ताद सांगत, ‘मीम दिसला की थांब.’ का, ते मोठेपणी समजले. सूरह आले-इमरानच्या सातव्या आयतीत गूढ आयतींच्या अर्थाचा विषय आहे. अल्लाहच्या नावावर थांबलात, तर तो अर्थ फक्त अल्लाहच जाणतो. न थांबता पुढे गेलात, तर पक्के ज्ञान असलेलेही जाणतात. दोन्ही मते जुन्या विद्वानांत आहेत. आपल्या प्रतींत तिथे मीम असतो, म्हणजे थांबणे आवश्यक.

आजोळच्या प्रतीत तो मीम लाल शाईचा आहे, आणि अक्षर वेगळ्या हाताचे आहे.