रिकाम्या रस्त्यांची मुंबई

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे फोटो पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडतो : माणसं कुठे गेली? टाउन हॉलच्या पायऱ्या, समोरचं मैदान, फोर्टातले रस्ते सगळं लख्ख उन्हात आहे. पण चिटपाखरू नाही.

याचं उत्तर तंत्रात आहे. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत धुवायची. लेन्सही काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात चालती माणसं आणि गाड्या विरून जात. जागची न हलणारी इमारत तेवढी नीट उमटे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४मध्ये. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात नव्हता. तरी त्या काळातलं गाजलेलं काम साहेबाचं आहे. विल्यम जॉन्सनने १८६३मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचा फोटोसंग्रह काढला. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून त्यांच्यामागे मुंबईच्या देखाव्यांचे फोटो जोडलेले आहेत. फोटोशॉपच म्हणा! माणूस खरा, इमारत खरी; पण तो माणूस त्या क्षणी तिथे उभा नव्हता.

योगायोग असा, की त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ छापून आलं. बाजार, धंदे, रस्ते, देवळं, नाना जातींचे लोक असं जे सगळं कॅमेऱ्याला एका चौकटीत धरता येत नव्हतं, ते मराठी गद्यात आलं.

पुढे तंत्र सुधारलं, तेव्हा हेतू आडवा आला. १८९६मध्ये प्लेग आला आणि कॅमेरा पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर गरिबांच्या दारात पोचला. घरझडतीची पथकं, इस्पितळातल्या खाटा, पाण्याच्या झोताने धुतली जाणारी घरं असे फोटो आज उपलब्ध आहेत. त्यात माणसं भरपूर दिसतात. पण सरकारला आपण किती काम करतोय हे दाखवायचं होतं, घरात कोण कसं राहतं हे नव्हे.

प्लेगनंतर, १८९८मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२०मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या दुसऱ्या खात्याने बांधल्या त्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सामाईक. माझ्या आजीचा संसार नायगावच्या अशाच एका १६० चौरस फुटांच्या खोलीत झाला. आमच्या अल्बममध्ये बारसं आहे, लग्न आहे, गणपती आहे; पॅसेजचा मात्र एकही फोटो नाही. ३६ फोटोंचा रोल जपून वापरायचा असे. पॅसेजवर कोण खर्च करणार?

आता यातली एकही अडचण उरलेली नाही. फोन खिशात आहे आणि फोटो फुकट आहे. पण वेळ कमी आहे. वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांना स्वतःचा संडास मिळाला, लिफ्ट मिळाली. याबद्दल हळहळायचं काहीच कारण नाही. आजीही आपल्या इमारतीचा नंबर लागायची वाट पाहते आहे.

तोवर मी दर रविवारी नायगावला जातो आणि पॅसेज, जिना, कठडे, पाण्याची पिंपं यांचे फोटो काढतो. फाइलमध्ये तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. शे-दीडशे वर्षांनी कुणी ती उघडली, तर जागा बिनचूक सापडेल. पण त्या जागी काय चालायचं, हे फोनला कळत नाही. म्हणून घरी आलो, की आजीला एकेक फोटो दाखवतो आणि ती सांगते ते खाली टाइप करतो.

कालच्या फोटोत नुसती भिंत आहे, ओल आलेली. त्याखाली लिहिलंय : ‘हिला टेकून दुपारी चौघी तांदूळ निवडायच्या. संप लांबला, त्या वर्षी निवडायला फारसे तांदूळ नव्हते, तरी बसायच्या.’