नोंदवहीबाहेरचा बेकार

ज्याच्या हाताला काम नाही तो बेकार, असे आपण साधेपणाने समजतो. शासनाची व्याख्या वेगळी आहे. ज्याच्या कामाची कुठे तरी नोंद होती, तोच काम गेल्यावर बेकार ठरतो. ज्याची नोंदच नव्हती त्याचे काम गेले हे सिद्ध कोणी करायचे? करोनाच्या साथीत शासनाने श्रमिकांना काय दिले याचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

बेकारीत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने करावी, असे घटनेचे ४१ वे कलम सांगते. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत बसलेले. राज्याच्या आर्थिक कुवतीची अट त्याला चिकटलेली आणि न्यायालयात त्यावर दाद नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली. मध्ये चार तास गेले आणि देश बंद झाला. दोन दिवसांनी १ लाख ७० हजार कोटींची योजना जाहीर झाली. तीत माणशी पाच किलो धान्य आणि स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये होते. (पाचशेत शहरातल्या खोलीचे भाडे तरी निघते काय?) धान्य शिधापत्रिकेवर, आणि नाक्यावरच्या मजुराची शिधापत्रिका गावी, पोट शहरात. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांच्या धान्याची घोषणा झाली ती १४ मे रोजी. तोवर लोक चालू लागले होते.

खऱ्या अर्थाने बेकारभत्ता म्हणावा अशी योजना राज्य विमा महामंडळाकडे होती. तिची रक्कम साथीच्या काळात सरासरी वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. मुदत नव्वद दिवसांची. पण ती विमाधारक कामगाराला. कचरा वेचणारी बाई, गटारात उतरणारा ठेकेदाराचा माणूस, बिगारी, यांचा विमा कोणी उतरवला होता? गावाने ज्यांना जमीन दिली नाही तेच शहरात या कामांना लागले, आणि शहराने त्यांना नोंदवहीत जागा दिली नाही. हा योगायोग नव्हे.

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्बंधांबरोबरच ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले, हे मान्य केलेच पाहिजे. बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, रिक्षावाले यांना प्रत्येकी दीड हजार. पण पुन्हा तीच शब्दयोजना: नोंदणीकृत कामगार, परवानाधारक रिक्षावाला. रिक्षा एकाच्या परवान्यावर असते, दिवसभर ती भाड्याने चालवतो दुसराच. दीड हजार परवान्याच्या नावे. रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसला तो दुसरा.

परराज्यातून आलेल्या मजुराचे नाव ठेकेदाराने नोंदवावे, त्याला पासबुक द्यावे, असे १९७९ च्या कायद्यात होते. चाळीस वर्षांत ते काम झाले असते तर २०२० मध्ये साहाय्य कोणाला द्यायचे हे शोधत बसावे लागले नसते.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. मध्य प्रदेशातले, बहुतेक आदिवासी. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले. गाडी मिळेल या आशेने ते भुसावळकडे चालले होते आणि थकून रुळावरच झोपले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळावर विखुरल्या. दोन्ही राज्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. त्यांची नावे, गावे, वारस सारे सापडले, त्याच दिवशी शोध सुरू झाला.