अस्थी व अस्थिमज्जा मात्रामापन

शरीरात शिरलेल्या किंवा उपचारासाठी दिलेल्या किरणोत्सारी द्रव्यापासून हाडांना आणि त्यांतील मज्जेला किती ऊर्जा मिळते, याचा अंदाज बांधण्याच्या शास्त्राला अस्थी व अस्थिमज्जा मात्रामापन असे म्हणतात. मात्रेचे एकक ग्रे हे असून एक किलोग्रॅम ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली, तर ती मात्रा एक ग्रे होते. जिवंत माणसाच्या मज्जेतील मात्रा थेट मोजता येत नाही. शरीराबाहेरून घेतलेली मोजमापे, रक्त व लघवी यांची तपासणी आणि गणिती प्रतिमाने यांच्या साहाय्याने ती काढावी लागते. भारतात या विषयाचे महत्त्व प्रामुख्याने किरणोत्सारी औषधे आणि अणुउद्योगातील कर्मचाऱ्यांची सुरक्षितता यांमुळे आहे.

अस्थिगामी द्रव्ये

रेडियम व स्ट्राँशियम ही मूलद्रव्ये रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमसारखी असल्याने शरीर ती हाडांत साठवते व कालांतराने ती हाडाच्या संपूर्ण खनिज भागात पसरतात. प्लुटोनियम व अमेरिसियम मात्र प्रथम हाडांच्या पृष्ठभागावर बसतात. हाडाचा कर्करोग ज्या पेशींपासून उद्भवतो, त्या या पृष्ठभागालगत असतात. अल्फा कण ऊतीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर जात नाहीत. त्यामुळे हाडात खोलवर असलेल्या द्रव्यापेक्षा पृष्ठभागावरील तितकेच द्रव्य या पेशींना अधिक घातक ठरते.

या धोक्याची जाणीव प्रथम अमेरिकेत झाली. १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावणाऱ्या कामगार स्त्रिया कुंचल्याला ओठांनी टोक काढीत. त्यांपैकी अनेकींना पुढे जबड्याचे विकार व हाडांचे कर्करोग झाले. रॉब्ली इव्हान्स यांनी अशा व्यक्तींच्या शरीरातील रेडियम मोजले. अशा अभ्यासांवरून १९४१ मध्ये शरीरातील रेडियमची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली.

गणनेची पद्धत

गणना दोन भागांत होते. प्रथम हाडात द्रव्याचे एकूण किती विघटन होईल ते काढतात. हे द्रव्याचे अर्धायुष्य आणि शरीरातून त्याचे होणारे उत्सर्जन या दोहोंवर अवलंबून असते. नंतर एका विघटनामागे मज्जेला किती मात्रा मिळते, त्या गुणकाने या संख्येला गुणतात.

दुसरा भाग अधिक कठीण आहे. लाल मज्जा जाळीदार हाडाच्या बारीक पोकळ्यांत असते. कण हाडातून पोकळीत आणि पोकळीतून पुन्हा हाडात जातो. इंग्लंडमधील लीड्स येथे एफ. डब्ल्यू. स्पायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोकळ्यांची व हाडांच्या पातळ भिंतींची मोजमापे घेतली. पुढील काळातील प्रतिमाने त्यांवर उभी राहिली. प्रमाण पुरुषाच्या लाल मज्जेचे वजन १९७५ मध्ये १,५०० ग्रॅम धरले जात होते. २००२ मध्ये ते १,१७० ग्रॅम मानण्यात आले. वजन कमी धरल्यास तितक्याच ऊर्जेपासून निघणारी मात्रा वाढते.

महाराष्ट्रातील कार्य

मुंबईजवळील ट्रॉम्बे येथील भाभा अणु संशोधन केंद्रात ध्रुव ही अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम कार्यान्वित झाली. तिच्यात तयार होणाऱ्या समस्थानिकांपासून हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करणारी औषधे बनविली जातात. परळ येथील किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे.

या औषधांतील समस्थानिकांची तुलना पुढीलप्रमाणे आहे :

* फॉस्फरस-३२ : अर्धायुष्य १४.३ दिवस, बीटा कणांचा ऊतीतील कमाल पल्ला सुमारे ८ मिलिमीटर.
* सॅमॅरियम-१५३ : अर्धायुष्य सुमारे ४६ तास, कमाल पल्ला सुमारे ३ मिलिमीटर.
* ल्युटेशियम-१७७ : अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवस, कमाल पल्ला सुमारे २ मिलिमीटर.

पल्ला जितका कमी, तितकी मज्जेची हानी कमी होण्याची शक्यता असते. सॅमॅरियम व ल्युटेशियम गॅमा किरणही सोडतात. त्यामुळे औषध शरीरात कोठे गेले, हे कॅमेऱ्याने पाहता येते. फॉस्फरस-३२ पासून गॅमा किरण निघत नसल्याने ही सोय त्यात नाही. ल्युटेशियमचे अर्धायुष्य जास्त असल्याने ते दूरच्या रुग्णालयांत पाठविणे सोयीचे ठरते.

उदाहरण

सॅमॅरियम-१५३ चे औषध सामान्यतः दर किलोग्रॅम वजनामागे ३७ मेगाबेक्वेरेल या प्रमाणात देतात. ६० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णास त्यानुसार २,२२० मेगाबेक्वेरेल औषध मिळते. प्रमाण गुणकांनुसार एका मेगाबेक्वेरेलमागे लाल मज्जेला १.५४ मिलिग्रे व हाडाच्या पृष्ठभागाला ६.७६ मिलिग्रे मात्रा पोहोचते. म्हणजे मज्जेची मात्रा सुमारे ३.४ ग्रे, तर पृष्ठभागाची सुमारे १५ ग्रे होते. किरणोत्सारी उपचारांत मज्जेसाठी २ ग्रे ही मर्यादा पुष्कळदा पाळली जाते. येथे ती ओलांडली जाते. तरीही बहुतेक रुग्णांत प्लेटलेट व पांढऱ्या पेशी तीन ते पाच आठवड्यांत घटून सुमारे आठ आठवड्यांत पूर्ववत होतात.

मर्यादा

प्रमाण गुणक सरासरी माणसासाठी असतात. हाडांत शोषल्या जाणाऱ्या औषधाचे प्रमाण रुग्णागणिक बदलते. कर्करोगाने व्यापलेली किंवा आधीच्या रसायनोपचाराने दुर्बळ झालेली मज्जा तितकीच मात्रा सोसू शकेल, असे नाही. मात्रा जास्त झाल्यास रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. कमी झाल्यास वेदना शमत नाहीत. म्हणून काढलेल्या मात्रेवर विसंबून न राहता उपचारापूर्वी रक्तातील पेशींची संख्या तपासतात आणि उपचारानंतरही ती आठवड्याच्या अंतराने पाहत राहतात.