जिथे धावपट्टी संपते तिथून पुढे

आज काशीच्या रामघाटावर बसून बोलतो आहे. शेजारी जटार घाट, थोडे पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. मागच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. विषय मात्र विमानांचा आहे. समोरचे हे पाणी प्रयागहून येते, आणि आपली गोष्टही तिथूनच सुरू होते.

18 फेब्रुवारी 1911. आंरी पेके नावाच्या फ्रेंच तरुणाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून विमान उचलले आणि सुमारे 6,500 पत्रे यमुनेपलीकडे नैनीला पोचवली. अंतर जेमतेम 10 किलोमीटर. विमानाने नेलेली जगातली ही पहिली अधिकृत टपाल. विमानतळ, रेडिओ, हवामानाचा अंदाज, यांपैकी काहीही नव्हते. होते ते मैदान, डोळे आणि अंगातली धमक.

अलास्कात, कॅनडात अशा वैमानिकांना 'बुश पायलट' म्हणतात. रस्ता नाही, रेल्वे नाही, तिथे माणसे, औषधे, धान्य घेऊन जाणारे. आपल्याकडे हा शब्द रुजला नाही, पण काम झाले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची मोकळी जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, मग सारा कारभार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. म्हणजे वैमानिकाला विमानाइतकीच जमीनही ओळखावी लागे: चिखल किती, वारा कुठला, चाक रुतेल की धरेल.

या कामाची खरी कसोटी हिमालयात लागली. 1948 च्या मे महिन्यात लेहवर हल्ल्याचे सावट होते आणि रस्त्याने कुमक वेळेत पोचणार नव्हती. अभियंता सोनम नोर्बू यांनी सिंधूकाठी घाईघाईने धावपट्टी तयार करून घेतली. 24 मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग डकोटा घेऊन तिथे उतरले. सोबत जनरल थिमय्या होते. डकोटात हवेचा दाब राखणारी सोय नसते, आणि वाटेत झोजी ला व त्यापलीकडचे उंच डोंगर. त्यानंतर विमानांतून सैनिक आणि शस्त्रे आली, आणि लेह वाचले.

त्याहून अवघड जागा म्हणजे काराकोरम खिंडीजवळचे दौलत बेग ओल्डी, उंची 16,614 फूट. 23 जुलै 1962 रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथे पॅकेट जातीचे मालवाहू विमान उतरवले. अडचण समजून घ्या. तिथली हवा समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच दाट असते. पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून विमान जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग नेहमीच्या सव्वापटीहून जास्त असतो. इंजिनाचा जोर मात्र घटलेला. म्हणून हवाई दलाने पॅकेटच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवले होते. उतरताना चूक झाली तर पुन्हा वर उठण्याची उमेद फार थोडी. पुढे ही धावपट्टी बंद पडली आणि 31 मे 2008 रोजी एएन-32 उतरेपर्यंत अनेक दशके तिथे असे विमान आले नाही.

मग माणसे हे काम का पत्करतात? पगारासाठी याहून सोप्या वाटा असतात. याचे उत्तर मला या घाटावरच सापडते. इथून थोड्या अंतरावर मणिकर्णिकेवर लाकडांच्या राशी रचलेल्या असतात. काशीत सरणाला लाकूड कमी पडत नाही. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथच्या प्रलयानंतर तिथल्या मृतांना अग्नी द्यायला लाकूडही नव्हते. ते हेलिकॉप्टरने वर न्यावे लागले. 25 जूनला केदारनाथहून परतणारे हवाई दलाचे एमआय-17 गौरीकुंडाजवळ कोसळले. त्यातले वीसही जण गेले. मोहीम थांबली नाही.

या कामाची मागणी आणि मोबदला, दोन्ही इथे एकाच तराजूत दिसतात. मागणी जिवाची असू शकते. मोबदला म्हणजे समोरच्याचा चेहरा: पत्र हाती आलेला, धान्य मिळालेला, सुटका झालेला. आणि कधी तोही नाही. केदारनाथला ज्यांच्यासाठी लाकूड नेले, ते आभार मानायला उरले नव्हते. तरीही ते नेले गेले.

गंगा त्याच हिमालयातून इथवर येते. घाटावर तिच्यात दिवा सोडाल तेव्हा या माणसांचीही आठवण ठेवा.