नावाचे बिल वेगळे, जागेचे वेगळे

शिर्डीतल्या लॉजवाल्याने किंवा अकोल्यात तांदूळ विकणाऱ्या शेतकरी गटाने वेबसाइट काढायची ठरवली, की हातात दोन बिले पडतात. एक डोमेनचे, दुसरे होस्टिंगचे. डोमेन म्हणजे साइटचे नाव, होस्टिंग म्हणजे तिची पाने ठेवायला सर्व्हरवर घेतलेली जागा. साइट एकच, मग बिले दोन का? याचे उत्तर या दोघांच्या कुळातच आहे.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असे आणि माणसांच्या सोयीसाठी एक नाव. कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे, याची यादी एकाच फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती सांभाळायचा. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे. त्या नोंद करायच्या आणि बाकीचे सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. जाळे वाढले तशी यादी फुगली आणि सगळीकडे पोहोचेपर्यंत जुनी होऊ लागली.

1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोड काढली, ती म्हणजे डीएनएस, अर्थात डोमेन नेम सिस्टिम. एकच यादी ठेवण्याऐवजी त्यांनी कारभार वाटून दिला. डॉट कॉमसारख्या प्रत्येक शेपटाची नोंदवही वेगळी, आणि त्याखाली ज्याने नाव घेतले त्याच्या नोंदी त्याच्याच ताब्यात. नाव कायम ठेवून त्यामागचा क्रमांक केव्हाही बदलावा, ही यातली मोठी सोय. 15 मार्च 1985 रोजी सिम्बॉलिक्स या कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले. तेव्हा नोंदणी फुकट होती. 1995 पासून दोन वर्षांचे 100 डॉलर पडू लागले.

भारताच्या वाट्याचे डॉट इन मे 1989 मध्ये आले. त्याचा कारभार अनेक वर्षे जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. नियम कडक होते आणि नावे मोजकीच दिली जात. 2005 मध्ये निक्सी या संस्थेने नोंदणी खुली केली, आणि कोणालाही नोंदणी कंपनीमार्फत थेट डॉट इन घेता येऊ लागले. 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतले डॉट भारत आले. त्याच्या भाषांत मराठीही आहे.

जागेचे कूळ निराळे. सुरुवातीच्या वेबवर ब्राउझर सर्व्हरकडे नुसते पान मागायचा, कोणत्या साइटचे ते सांगायचा नाही. त्यामुळे प्रत्येक साइटला स्वतंत्र क्रमांक लागायचा. जानेवारी 1997 मध्ये ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीची 1.1 आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पान मागताना साइटचे नाव सांगणे सक्तीचे झाले. मग एकाच यंत्रावर, एकाच क्रमांकावर शेकडो साइट नांदू लागल्या. लहान धंद्याला परवडणारे शेअर्ड होस्टिंग यातूनच उभे राहिले.

नाव आणि जागा या दोघांची गाठ नावाच्या नोंदी ठेवणारा नेमसर्व्हर घालून देतो. होस्टिंग बदलले तर पाने नव्या सर्व्हरवर हलवायची आणि नोंदीतला क्रमांक बदलायचा. गिऱ्हाइकाला पत्ता तोच दिसतो. नाव बदलले तरी तसेच. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्याच्या डोमेनमध्ये जुने नाव आहे, त्याला नवे डोमेन घेऊन त्याच सर्व्हरकडे वळवता येते आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्यावर पाठवता येते. मात्र जुन्याचे नूतनीकरण चालू ठेवावे. ते सुटले तर दुसरा कोणीही घेऊ शकतो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी ते आपल्याकडे राहते. म्हणून नोंद कोणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्याइतक्याच बारकाईने पाहावे. साइट बनवणाऱ्याने सोय म्हणून ते स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर घेतले, तर नोंदीत धनी तोच. पानांची प्रत जवळ असेल तर होस्टिंग पुन्हा घेता येते. नाव गेले, तर पाकिटांवर छापलेला पत्ता, त्यावरचे ईमेल आणि गिऱ्हाइकाची सवय, सगळेच जाते. तेव्हा नवशिक्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवर घ्यावे. साइट बनवणाऱ्याला होस्टिंगचा पासवर्ड जरूर द्यावा. डोमेनचा आपल्याकडेच ठेवावा.